पुणे सोडून बेंगळुरूला जायचंय? ऑफर लेटरवर सही करायच्या आधी हा हिशोब मांडा

पुण्यात आयटीत काम करणाऱ्या कुणाला बेंगळुरूची ऑफर आली की प्रश्न ठरलेला असतो, किती टक्के हाइक मिळाली तर जावं? कुणी म्हणतं तीस, कुणी म्हणतं चाळीसच्या खाली हलूच नको. मला हा प्रश्नच पटत नाही, कारण टक्के पगारावर लागतात आणि खर्च रुपयांत होतो. विचारायचं ते एवढंच, की आज महिना संपल्यावर हातात किती उरतात आणि तिकडे गेल्यावर किती उरतील, आणि जायला यायला जो एकदाच मोठा खड्डा पडणारे तो त्या उरलेल्या पैशातून किती महिन्यांत भरून निघेल. मी स्वतः पुण्याहून बेंगळुरूला आलोय आणि त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच जणांना हा हिशोब कागदावर मांडून दिलाय, तोच इथे लिहितोय. हैदराबाद किंवा गुरुग्रामला जाणाऱ्यांनाही पद्धत हीच लागू पडेल, फक्त आकडे तिथले घाला.

आधी टॅक्सचं बघू, कारण इथे गैरसमज जास्त आहेत

अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना वाटतं की राज्य बदललं की इन्कम टॅक्स बदलतो. तिकडे ते खरंय, कॅलिफोर्नियात राज्याचा वरचा स्लॅब 13.3 टक्क्यांपर्यंत जातो आणि टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा टॅक्सच नाही. आपल्याकडे पगारावरचा इन्कम टॅक्स केंद्राचा, पुण्यात जो स्लॅब तोच बेंगळुरूत. जीएसटीचे दरही तेच, म्हणजे त्याच कंपनीचं तेच तेल, साबण, टीव्ही घेतला तर टॅक्समुळे फरक पडत नाही.

पगारातून राज्य थेट जे कापतं तो प्रोफेशनल टॅक्स. महाराष्ट्रात महिना 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. कर्नाटकातही आता तसंच झालंय, महिना 25,000 किंवा जास्त पगार असेल तर 200 आणि फेब्रुवारीला 300. घटनेनेच याची मर्यादा वर्षाला 2,500 ठेवलीय त्यामुळे कुठलंही राज्य याहून जास्त घेऊ शकत नाही. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेशात हा टॅक्स नाहीच, पण 2,500 रुपयांसाठी कुणी राज्य बदलत नाही, तेव्हा ही ओळ लिहा आणि पुढे चला.

एचआरएचं (पगारातला घरभाडं भत्ता) मात्र नीट समजून घ्या. तुम्ही इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये (दर कमी, पण बऱ्याच सवलती नाहीत) असाल तर एचआरएची सूट मिळतच नाही, मग भाडं 20 हजार असो की 50 हजार, टॅक्सला काही फरक नाही. जुन्या रिजीममध्ये असाल तर पुणे आणि बेंगळुरू दोघांना टक्केवारी एकच लागते, पण भाडं वाढलं की सूटही वाढू शकते, म्हणून वाढीव भाडं धरून दोन्ही रिजीमचा हिशोब परत एकदा करा. ज्यांचं पुण्यात होम लोन चालू आहे त्यांनी तर हे करायलाच हवं, कारण जुन्या रिजीममध्ये दुसऱ्या शहरात भाड्याने राहून एचआरए आणि पुण्यातल्या घराच्या लोनचं व्याज, दोन्ही एकत्र घेता येतं.

आता हाइक हातात किती येते ते बघा. समजा पुण्यात ग्रॉस 18 लाख आहे आणि बेंगळुरूत 23 लाख मिळतायत, म्हणजे साधारण 28 टक्के हाइक, ऐकायला मस्त. नव्या रिजीमचे 2025-26 चे स्लॅब लावले, 75,000 स्टँडर्ड डिडक्शन काढलं, तर 18 लाखांवर टॅक्स बसतो 1,50,800 आणि 23 लाखांवर 2,66,500. म्हणजे वाढलेल्या 5 लाखांतले 1,15,700 टॅक्समध्ये गेले, उरले 3,84,300, महिन्याला साधारण 32,000. बेसिक वाढल्यामुळे पीएफ जास्त कापला तर हातात अजून कमी दिसेल, पण तो तुमचाच पैसा आहे त्यामुळे मी तो खर्चात धरत नाही.

आणि हे मी ग्रॉसचं बोलतोय, सीटीसीचं (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) नाही. ऑफर लेटरच्या सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स, व्हेरिएबल, कधी कधी जॉइनिंग बोनसपण घुसवलेला असतो. एचआरला सरळ मेल टाका की महिन्याची सॅलरी स्लिप कशी दिसेल त्याचं ब्रेकअप पाठवा. देतात, मागायला लाजू नका.

तुमचा आजचा खर्च, अंदाजाने नाही

ऑनलाइन कॉस्ट ऑफ लिव्हिंगचे कॅल्क्युलेटर असतात, दोन शहरं टाका आणि सांगतात अमुक टक्के महाग. ते वाचायला हरकत नाही पण त्यावर निर्णय घेऊ नका. ते आकडे लोकांनीच भरलेल्या किंमतींच्या सरासरीतून येतात, आणि तुम्ही सरासरी नाही. तुमच्याकडे गाडी आहे का, मुलं कितवीत आहेत, घरी आई-बाबा राहतात का, यावर सगळं ठरतं. काही जण सरकारच्या महागाई निर्देशांकाचे राज्यवार आकडे समोर ठेवून म्हणतात की कर्नाटक स्वस्त आहे किंवा महाग आहे, तेही चूक. तो निर्देशांक त्या राज्यात आधीच्या मानाने किंमती किती वाढल्या ते सांगतो, दोन राज्यांत आज कुठे काय महाग आहे ते तो सांगतच नाही.

त्यापेक्षा गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डचं बिल काढा, एका शीटमध्ये टाका आणि ढोबळ गट पाडा: घर, शाळा, गाडी आणि प्रवास, किराणा-दूध-भाजी, वीज-गॅस-नेट, कामवाल्या मावशी, बाहेर खाणं, गावाला जाणं, औषधं. यूपीआयमुळे आता अगदी भाजीवाल्यापर्यंत सगळं स्टेटमेंटमध्ये असतं. मग प्रत्येक गटापुढे तीन कॉलम करा, आज पुण्यात किती, तिकडे किती, आणि एकदाच लागणारा किती. हा तिसरा कॉलम लोक बनवतच नाहीत आणि सगळं बजेट तिथेच कोसळतं.

घरभाडं आणि डिपॉझिट

भाड्याचा आकडा वेबसाइटवरून काढताना ऑफिसच्या जवळचा भागच बघा. बेंगळुरूमध्ये "शहरात" असं काही नसतं, व्हाइटफिल्डला ऑफिस आणि घर जयनगरला असं केलंत तर रोज किती तास रस्त्यात जातील ते आउटर रिंग रोडवर एकदा संध्याकाळी सहाला उभं राहून बघा. त्यामुळे आधी ऑफिस कुठे, आठवड्यातून किती दिवस जायचं, मग त्या भागातलं भाडं. मेट्रोच्या जवळ घर मिळत असेल तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही असं माझं मत. पर्पल लाइन ऑक्टोबर 2023 पासून व्हाइटफिल्डपासून चल्लघट्टापर्यंत पूर्ण सुरू झाली आणि इलेक्ट्रॉनिक सिटीकडची यलो लाइन ऑगस्ट 2025 मध्ये. पण भाडं पुणे मेट्रोसारखं समजू नका, पुण्यात लांबच्या लांब तिकीट 35 रुपये, बेंगळुरूच्या नम्मा मेट्रोत फेब्रुवारी 2025 च्या वाढीनंतर ते 90 पर्यंत गेलं. रोज जाऊन येऊन केलंत की महिन्याला चांगलाच फरक दिसतो.

डिपॉझिट हा बेंगळुरूचा वेगळाच विषय. पुण्यात आपण दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट देतो, बेंगळुरूत पूर्वी सरळ दहा महिन्यांचं मागायचे, आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहावर आलंय पण घासाघीस करावी लागते. 36,000 भाडं आणि पाच महिने डिपॉझिट म्हणजे 1,80,000 अडकले. परत मिळतात हे खरं पण तोपर्यंत त्यावरचं व्याज गेलं ना, 7 टक्क्यांच्या एफडीच्या हिशोबाने वर्षाला 12,600. शिवाय घर सोडताना पेंटिंगच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत तिथे सर्रास आहे, मग तुम्ही वर्षभर राहा की तीन वर्षं. आत जायच्या आधीच अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या की किती कापणार, नाहीतर शेवटी वाद घालायची ताकद राहत नाही.

अ‍ॅग्रीमेंटची पद्धतही वेगळी. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, रजिस्टर करावंच लागतं, आपल्याला त्याची सवय असते, घरी येऊन बायोमेट्रिक घेऊन जातात. कर्नाटकात बहुतेक घरमालक 11 महिन्यांचं स्टॅम्प पेपरवर करून देतात, रजिस्ट्रेशन नसतं. स्वस्त पडतं पण भांडण झालं तर हातात कागद कच्चा असतो, म्हणून डिपॉझिट नेहमी बँकेतूनच ट्रान्सफर करा, रोख अजिबात नको. भाडं महिन्याला 50,000 च्या वर असेल तर त्यातून 2 टक्के टीडीएस कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची असते, हे मोठे थ्री बीएचके घेणाऱ्या खूप जणांना माहीतच नसतं.

घर बघायला गेलात की मालकाला किंवा वॉचमनला हे विचाराच:

- पाणी कावेरीचं की बोअरचं की टँकरचं, आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे? 2024 च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याचे जे हाल झाले त्यानंतर हा प्रश्न सगळ्यात आधी.
- मेंटेनन्स भाड्यात आहे की वर?
- जनरेटर बॅकअपचं बिल वेगळं येतं का?
- दर वर्षी भाडं किती टक्के वाढणार?

गाडी: इथे सगळ्यात जास्त पैसे आणि डोकं जातं

गाडीचा वन टाइम टॅक्स (एकदाच भरायचा रोड टॅक्स) भरलाय म्हणजे देशभर भरला असं नसतं. तो त्या राज्यापुरता असतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि नंबर घ्यायचा म्हणजे तिथला रोड टॅक्स भरायचा. वर्षभराच्या आत परत येणार असाल तर एमएच नंबर तसाच ठेवा, फक्त तुम्ही कधी आलात त्याचा पुरावा, म्हणजे टोलच्या नोंदी, पॅकर्सचं बिल, जॉइनिंग लेटर, गाडीत ठेवा, कारण बाहेरच्या नंबरच्या गाड्या तिथे अडवतात आणि तारीख विचारतात.

कर्नाटकाचा रोड टॅक्स देशातल्या सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी आहे. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला 11 टक्के लागतात. कर्नाटकात 5 ते 10 लाखांच्या कारला 14 टक्के आणि त्या टॅक्सवर परत 11 टक्के सेस, 10 ते 20 लाखांना 17 टक्के, 20 लाखांच्या वरच्या कारला 18. 9 लाखांची पेट्रोल कार नवी घेतली तर महाराष्ट्रात 99,000 आणि कर्नाटकात 1,39,860 असा फरक पडतो. जुनी गाडी नेली तर तिच्या वयाप्रमाणे टॅक्स कमी होत जातो, पण तीन-चार वर्षांच्या गाडीलाही रक्कम जोरात लागते. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, फक्त तो आधी मिळत नाही, तिकडे भरून नवा नंबर घेतल्यावर मग त्या कागदांसकट पुण्याच्या आरटीओकडे अर्ज करायचा, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून हिशोबात पूर्ण रक्कम खिशातून गेली असंच धरा, परत आले तर आले.

क्रम असा ठेवा. आधी गाडीवरची सगळी चलनं भरा, कारण एकही बाकी असेल तर गाडी अडते. लोन असेल तर बँकेची एनओसी. मग परिवहनच्या साइटवरून फॉर्म 28 भरून पुण्याच्या किंवा पिंपरीच्या, जिथला नंबर असेल त्या आरटीओची एनओसी घ्या. पुणे सोडायच्या आधीच हे करा, नंतर दर वेळी सुट्टी काढून यावं लागतं. बेंगळुरूला पोचलात की ज्या भागात राहता तिथल्या आरटीओत फॉर्म 27, एनओसी, इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, गाडी दाखवायची, टॅक्स भरायचा. नवा नंबर आला की इन्शुरन्स आणि फास्टॅगवर बदलून घ्या, इन्शुरन्सवर जुना नंबर राहिला तर क्लेमच्या वेळी त्रास.

दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्यांसाठी बीएच सिरीज (देशभर चालणारा गाडीचा नंबर) सगळ्यात बरी. सप्टेंबर 2021 पासून सुरू आहे, केंद्र आणि राज्य सरकारचे, संरक्षण दलांचे, सरकारी कंपन्यांचे कर्मचारी आणि ज्या खाजगी कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत आहेत तिथले कर्मचारी घेऊ शकतात. टॅक्स पंधरा वर्षांचा एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा, दर 10 लाखांच्या आत 8 टक्के, 20 लाखांपर्यंत 10 आणि वर 12, डिझेलला 2 जास्त, इलेक्ट्रिकला 2 कमी. राज्य बदललं तरी नंबर तोच. आधीच्या एमएच गाडीचाही बीएच करता येतो. कंपनीकडून फॉर्म 60 घ्यावा लागतो. मोठ्या आयटी कंपनीत असाल तर हे आधी विचारा, मग कर्नाटकाच्या टॅक्सचा विचार करा.

आणि गाडी सहा-सात वर्षं जुनी असेल तर मी म्हणेन पुण्यातच विकून टाका. भावनिक होऊ नका, टॅक्स, ट्रान्सपोर्ट, एजंट मिळून जे जातं त्यात तिकडे जुनी केए नंबरची छोटी गाडी घ्यायला चांगला हातभार लागतो. टू व्हीलर रेल्वेच्या पार्सलने जाते, तिलाही नियम तोच.

पुण्यातलं स्वतःचं घर

हे कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये नसतं. घर भाड्याने देऊन त्यातून हप्ता जाईल असं आपण धरतो, पण मध्ये तीन गोष्टी येतात. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला प्रॉपर्टी टॅक्समध्ये 40 टक्के सवलत देते, भाड्याने दिलं की ती जाते. सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून) लावते, ते सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, कुणी जास्त मागत असेल तर हा नियम दाखवा. आणि टॅक्समध्ये, भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, व्याजही वजा होतं, पण नव्या रिजीममध्ये व्याज भाड्यापेक्षा जास्त असेल तर तो तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या रिजीममध्ये 2 लाखांपर्यंत होतो. मोठं लोन असलेल्यांनी सीएकडे एकदा बसावंच.

वर्षातून एखादा महिना घर रिकामं राहतं, भाडेकरू बदलताना रंगकाम, ब्रोकर. म्हणून बारा नाही, दहा-साडेदहा महिन्यांचंच भाडं मिळणार असं धरून हिशोब करा.

मुलांची शाळा

फी तर आहेच, नव्या शाळेची अ‍ॅडमिशन फी एकदाच लागते आणि परत मिळत नाही, ती तिसऱ्या कॉलममध्ये टाका. पण मला पैशापेक्षा दोन गोष्टींची काळजी जास्त वाटते.

एक, वय. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असतील तर चालतं, कर्नाटकात तारीख 1 जून धरतात. तुमचं मूल सप्टेंबर-ऑक्टोबरचं असेल तर पुण्यात जे पहिलीत गेलं असतं त्याला तिकडे परत यूकेजीत बसवायला सांगू शकतात, म्हणजे एक वर्षाची फी जास्त. शाळेला फोन करताना जन्मतारीख सांगूनच विचारा. कन्नड विषय म्हणून शिकावाच लागतो, सीबीएसई असली तरी, पण लहान मुलं पटकन शिकतात, त्याचं टेन्शन घेऊ नका.

दोन, आठवी-नववीतली मुलं. कर्नाटकाच्या सीईटीत (राज्याच्या कॉलेज प्रवेश प्रक्रियेत) राज्याच्या कोट्यातून यायचं तर साधारणपणे पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं लागतं आणि दहावी किंवा बारावी तिथून केलेली लागते. आणि महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्याला डोमिसाइलसोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच लागतात. म्हणजे नववीत मुलाला घेऊन गेलात आणि त्याला डॉक्टर व्हायचं असेल तर तो दोन्हीकडून बाहेर. सरकारी कॉलेज आणि खाजगी कॉलेजच्या फीमधला फरक बघा, तुमची दहा वर्षांची हाइक त्यात जाईल. अशा वेळी एकाने चार वर्षं एकटं जाऊन राहणं किंवा ऑफर सोडून देणं हे दोन्ही पर्याय मला मान्य आहेत, पण माहीत नसताना मुलाचं नुकसान व्हायला नको. तसंच एससी, एसटीचं महाराष्ट्राचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाला चालत नाही, केंद्राच्या संस्थांना चालतं, तेही या वयात लक्षात घ्या.

रोजचं

यात बेंगळुरू काही बाबतीत स्वस्तही आहे. नंदिनीचं दूध आपल्याकडच्या पिशवीच्या दुधापेक्षा चांगलंच कमी पडतं. दर्शिनीमध्ये (उभ्याने खायची छोटी हॉटेलं) इडली-वडा आणि फिल्टर कॉफी अजूनही खिशाला परवडते. भाजीला हॉपकॉम्सची दुकानं बघा. एसी बहुतेकांना लागतच नाही. वीज तर नक्कीच कमी येते, महाराष्ट्रात 100 युनिटच्या वर गेलं की दर उडी मारतो, बेंगळुरूची वीज कंपनी बेस्कॉमचा घरगुती दर एप्रिल 2025 मध्ये सरसकट 5.80 रुपये युनिट झाला आणि वर किलोवॅटप्रमाणे फिक्स चार्ज. शिवाय गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) भाडेकरूही बसतात, आधार त्या मीटरच्या नंबरला जोडायचं, आधीच्या वापराच्या सरासरीवर 10 टक्के धरून 200 युनिटच्या आत बिल शून्य येऊ शकतं. आधीच्या भाडेकरूने त्याचं आधार काढलं नसेल तर तुमचं जोडलं जात नाही, हे चावी घ्यायच्या आधी मालकाला सांगून ठेवा.

बायकांसाठी शक्ती योजनेत साध्या बसचा प्रवास पूर्ण फुकट आहे, जून 2023 पासून, पण त्यासाठी कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. महाराष्ट्रात एसटीला अर्धं तिकीट मिळतं त्याच्यापेक्षा हे मोठं. एसी बसला चालत नाही.

महाग पडतं ते घरी जाणं-येणं. 840 किलोमीटर आहे, उद्यान एक्सप्रेसला 60 दिवस आधी बुकिंग उघडल्या उघडल्या वेटिंग लागतं, गणपतीला आणि दिवाळीला स्लीपर बसचे दर दुप्पट होतात, आणि विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून 35 किलोमीटरवर, टॅक्सीचेच किती होतात बघा. आई-बाबा पुण्यात एकटे असतील तर ठरवलेल्यापेक्षा जास्त फेऱ्या होणार, आणि त्या व्हाव्यातच, फक्त त्याचे पैसे बाजूला ठेवलेले असू देत.

आता सगळं एकत्र

हा नुसता नमुना आहे, दोन मुलं असलेलं घर, तुमचे आकडे तुम्ही घाला. हातात 32,000 वाढले. भाडं 24,000 चं 36,000 झालं, म्हणजे 12,000 गेले. मेंटेनन्स आणि पाणी 2,000, शाळा 3,500, ऑफिसला जाणं-येणं 2,500, पुण्याच्या फेऱ्या वर्षाला 60,000 धरल्या तर महिन्याला 5,000, आणि वाढीव डिपॉझिटचं (1,80,000 मधून पुण्यातलं दोन महिन्यांचं 48,000 वजा करून) गेलेलं व्याज 770. वीज आणि दुधात 1,600 वाचले. एकूण वाढलेला खर्च 24,170. म्हणजे 28 टक्के हाइकमधून महिन्याला खरे उरले 7,830. आता तिसरा कॉलम: पॅकर्स 45,000, ब्रोकर 36,000, शाळेची अ‍ॅडमिशन 50,000, गाडीचा टॅक्स समजा 40,000, झाले 1,71,000. हे भरून निघायला जवळजवळ 22 महिने लागतात. दोन वर्षांत परत जॉब बदलणार असाल तर या नमुन्यात हातात काहीच राहिलं नाही.

आणि नवरा किंवा बायको पुण्यातली नोकरी सोडून येणार असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, आधी तो पगार वजा करा. तिकडे नोकरी मिळेपर्यंत किमान सहा महिने तो आकडा शून्य धरा. याउलट एकटा मुलगा किंवा मुलगी, गाडी नाही, पीजीत राहायचं, त्यांना याच हाइकमध्ये भरपूर उरतात, त्यांनी बिनधास्त जावं.

आकडा निघाला की तो घेऊन एचआरशी बोला. "महाग शहर आहे" असं म्हणून कुणी पैसे वाढवत नाही, "शिफ्टिंगला 1,71,000 लागतायत" म्हटलं की बोलणं सुरू होतं. बेस वाढवता येत नसेल तर शिफ्टिंगचा खर्च बिलावर मागा. कंपनीच्याच बदलीवर जात असाल तर सामान हलवण्याचा आणि प्रवासाचा खरा झालेला खर्च बिलं देऊन घेतला की त्यावर टॅक्स लागत नाही, तोच पैसा रिलोकेशन बोनस म्हणून पगारात आला तर पूर्ण टॅक्स कापून येतो. पहिल्या पंधरा दिवसांचं हॉटेलही मागा, बदलीच्या वेळी तेवढे दिवस टॅक्स फ्री असतं आणि घाईत पहिलंच घर पकडावं लागत नाही. बोनस देत असतील तर किती महिन्यांत सोडलं तर परत करावा लागेल ते ऑफर लेटरमध्ये वाचा, तो आकडा तुमच्या 22 महिन्यांशी जुळवून बघा.

पॅकर्सवाल्यांकडून पूर्ण कोटेशन लेखी घ्या, मजले, लिफ्ट, इन्शुरन्स, जीएसटी सगळं धरून, आणि पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. सामान ट्रकात चढल्यावर जास्त पैसे मागायचे आणि दिल्याशिवाय उतरवायचं नाही हे प्रकार होतात. सामानाची यादी फोटोसकट ठेवा.

पोचल्यावर पहिल्या महिन्यात आधारवरचा पत्ता बदला, कारण गृहज्योती, शक्ती, आरटीओ सगळीकडे तोच लागतो. हेल्थ इन्शुरन्स कंपनीला नवा पिनकोड कळवा, काही पॉलिसीत शहराप्रमाणे झोन असतात. मतदार यादीतला पत्ता फॉर्म 8 भरून बदलता येतो. ड्रायव्हिंग लायसन्स देशभर चालतं, ते लगेच बदलायची गरज नाही. पीएफला नवं खातं काढू नका, जुनाच यूएएन द्या.